साबणाचे इंजेक्शन

उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये आमच्या गल्लीत जीन्स शिवण्याचे दोन-तीन लहान कारखाने होते. तिथला एक तरुण शिलाई कारागीर काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी आमच्या घरी आला. खालचा ओठ बोटाने बाहेर वळवून त्याने मला दाखवला. आतल्या बाजूला वाटाण्याएवढी, जांभळट निळी, मऊ गाठ होती. जेवताना ती वरचेवर दाताखाली सापडे आणि मग बराच वेळ रक्त वाहत राही.

"सर, डॉक्टर म्हणतात कापायची गरज नाही, इंजेक्शनने जाईल. पण गाठ इंजेक्शनने कशी जाईल? आत ॲसिड सोडतात का?" असे म्हणून त्याने औषधाची चिठ्ठी पुढे केली. चिठ्ठीवर लिहिले होते : सोडियम टेट्राडेसिल सल्फेट, ३ टक्के.

मी डॉक्टर आहे खरा, पण रसायनशास्त्राचा. औषधांतले मला काही कळत नाही. हे नाव मात्र ओळखीचे निघाले. याचे सख्खे भावंड, म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट, आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात डबा भरून ठेवलेले असते. टूथपेस्टला आणि शाम्पूला फेस येतो तो त्यामुळेच. "ॲसिड नाही रे, हा एक प्रकारचा साबण आहे," असे मी त्याला सांगितले. त्याचे समाधान झाले नाही. खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. साबण टोचल्याने गाठ का जावी? आणि हे प्रथम कोणाच्या डोक्यात आले? त्या निमित्ताने जे वाचले ते शिक्षक मित्रांपुढे ठेवत आहे. या हकिकतीत मानवी शरीराचा एक मूलभूत धर्म दडलेला आहे, आणि तो आपल्याकडच्या अनेक तरुणांच्या जिवाशी जोडलेला आहे.

गाठ कसली?

तोंडातली प्रत्येक गाठ सारखी नसते. या मुलाची गाठ रक्तवाहिन्यांची होती. काही ठिकाणी बारीक शिरांची घडण जन्मतःच सदोष असते. त्या फुगतात, एकमेकींत मिसळतात आणि रक्ताने भरलेल्या स्पंजासारखा गोळा तयार होतो. ओठ, जीभ आणि गालाची आतली बाजू या त्याच्या आवडत्या जागा. हा कर्करोग नव्हे. पण चावला गेला की रक्तस्राव होतो, आणि मोठा असला तर बोलण्या-गिळण्यात अडथळा येतो.

अशी गाठ कापणे दिसते तितके सोपे नसते. टीपकागदावर शाईचा थेंब पडला तर डाग नेमका कुठे संपतो हे सांगता येत नाही; या गाठींच्या कडाही तशाच अस्पष्ट असतात. थोडे कापले तर उरलेल्या भागातून गाठ पुन्हा वाढते. जास्त कापले तर ओठाचा आकार बिघडतो, जिभेची हालचाल कमी होते. शिवाय सुरी लावायची ती रक्ताच्या पिशवीलाच. म्हणून शंभराहून अधिक वर्षे वैद्य एका वेगळ्या वाटेचा शोध घेत होते : रक्तवाहिनी कापण्याऐवजी ती आतूनच बंद करता येईल का?

सिरिंज कशासाठी जन्मली?

शिरेत काहीतरी दाहक द्रव सोडून ती बंद करण्याच्या प्रयत्नांची सर्वांत जुनी नोंद १६८२ सालची सांगतात. स्वित्झर्लंडच्या झोलिकोफर यांनी शिरेत आम्ल सोडून रक्ताची गुठळी तयार केली. परंतु तेव्हा त्वचेला भोसकून आत द्रव सोडणारे साधनच नव्हते. डब्लिनच्या फ्रान्सिस रिंड यांनी १८४४ साली पोकळ सुई वापरली. १८५३ साली एडिंबरोचे अलेक्झांडर वुड आणि फ्रान्समधील लियों शहराचे शार्ल प्रावाझ यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सुईला पिचकारी जोडली.

वुड यांना वेदना शमवणारे औषध द्यायचे होते. प्रावाझ यांचा हेतू मात्र वेगळा होता. धमनीच्या फुग्यात फेरिक क्लोराइड सोडून रक्त गोठवायचे, म्हणजे फुगा भरून येईल, अशी त्यांची कल्पना होती. त्यासाठी त्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. तेव्हा आज आपण ज्या सिरिंजला लस आणि औषधे देणारे साधन म्हणून ओळखतो, तिच्या दोन जनकांपैकी एकाला ती हवी होती ती रक्तवाहिनी बंद करण्यासाठी!

लगेचच लोहाचे हे क्षार पायांच्या फुगलेल्या शिरांत टोचले जाऊ लागले. १८५४ साली देग्रांज यांनी आयोडीन आणि टॅनिन यांचे मिश्रण वापरून पाहिले. यातले टॅनिन लक्षात ठेवावे, ते पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे. पण द्रव जहाल, मात्रेचा अंदाज नाही, आणि सुई निर्जंतुक करायची असते ही जाणीवही नाही. मग जखमा चिघळत, मांस सडे, सुटलेली गुठळी फुप्फुसात जाऊन रुग्ण दगावे. अखेर १८९४ साली लियों येथेच भरलेल्या शल्यवैद्यांच्या परिषदेने ही पद्धत त्याज्य ठरवली. प्रावाझ यांच्या गावीच त्यांच्या सुईची ही वाट बंद झाली.

गुपिताचा धंदा

दरम्यान याच कल्पनेला अमेरिकेत एक वेगळे वळण लागले होते. मूळव्याध म्हणजेही फुगलेल्या शिराच. डब्लिनच्या मॉर्गन यांनी १८६९ साली त्यांत लोहाचा क्षार टोचून पाहिला. १८७१ च्या सुमारास इलिनॉय राज्यातील क्लिंटन गावच्या मिचेल नावाच्या वैद्याने कार्बोलिक आम्ल ऑलिव्ह तेलात मिसळून टोचायला सुरुवात केली. पण त्याने ते प्रसिद्ध केले नाही, गुपित म्हणून विकले. गुपित विकत घेणारे गावोगाव हिंडू लागले. 'न कापता, न दुखता, हमखास बरे' अशी त्यांची जाहिरात असे.

शिकागोचे शल्यवैद्य एडमंड अँड्र्यूज यांनी या फिरत्या वैद्यांचे द्रव कशाचे असतात हे शोधून काढून १८७० च्या दशकात छापले. एवढ्यावर न थांबता त्यांनी तीन हजारांहून अधिक रुग्णांची माहिती जमवली. तेव्हा चित्र स्पष्ट झाले : बहुतेकांना गुण आला होता, पण काहींना असह्य वेदना, काहींना धोकादायक रक्तस्राव, आणि काही मृत्यूही. फिरता वैद्य दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला जात असल्यामुळे हे त्याच्या कानावर जात नसे. गेलेच तरी तो ते कोणाला सांगत नसे.

'बिना ऑपरेशन मूळव्याध, एका इंजेक्शनात' अशा जाहिराती रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर आपण सर्वांनी वाचल्या आहेत. त्या वाचताना मला अँड्र्यूज आठवतात. टोचायचा द्रव कधीकधी तोच असू शकतो. फरक इतकाच की एका ठिकाणी द्रवाचे नाव, मात्रा आणि अपयशाचा हिशेब उघड मांडलेला असतो, दुसरीकडे तो लपवलेला असतो. विज्ञान आणि भोंदूगिरी यांतली रेषा पुष्कळदा औषधात नसते, हिशेबात असते. विद्यार्थ्यांना ही गोष्ट जरूर सांगावी.

उकळते पाणी, मग साबण

विसाव्या शतकात ही वाट पुन्हा उघडली. १९०३ साली न्यूयॉर्कचे जॉन वायथ यांनी रक्तवाहिन्यांच्या गाठींत चक्क उकळत्या तपमानाचे पाणी टोचण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज ऐकून अंगावर काटा येतो, पण त्यामागचा विचार बरोबर होता. पाण्यात विष नाही. उष्णतेने वाहिनीचे आतले अस्तर भाजते आणि वाहिनी आपोआप मिटते.

पुढचा धडा अपघाताने मिळाला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास फ्रान्सचे सिकार हे सिफिलिसच्या रुग्णांना शिरेतून औषध देत होते. ज्या शिरेत औषध टोचावे ती काही दिवसांनी दोरीसारखी कडक होऊन बंद पडे. दुसऱ्या कोणी कपाळाला हात लावला असता. सिकार यांनी मात्र विचार केला, की शिरा बंद करायच्या असतील तर हाच तर उपाय! त्यांनी सोडियमचे साधे क्षार वापरायला सुरुवात केली.

१९३० साली सोडियम मॉर्‍हुएट आले. कॉड माशाच्या तेलातील मेदाम्लांचे हे सोडियम क्षार होत. मेदाम्ल अधिक सोडियम म्हणजे काय, हे दहावीच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल : साबण! त्यानंतर १९३७ साली इथेनॉलअमाइन ओलिएट आले. हेही साबणाच्याच कुळातले. आणि १९४६ साली रायनर यांनी कृत्रिम अपमार्जक शिरा बंद करतात का याचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातूनच सोडियम टेट्राडेसिल सल्फेट वापरात आले.

तोंडातल्या गाठींसाठी त्याचा वापर बाउरमॅश आणि मँडेल या अमेरिकी मुखशल्यवैद्यांनी १९६३ साली प्रसिद्ध केला. १९७९ साली इस्रायलच्या मिन्को, लाउफर आणि गुटमन यांनी तोंडातील अशा अनेक गाठींवरचा आपला अनुभव मांडला. या उपचाराला स्क्लेरोथेरपी म्हणतात. 'स्क्लेरोस' या ग्रीक शब्दाचा अर्थ कठीण. मऊ गाठ आधी कठीण होते, मग आक्रसते.

साबण काय करतो?

साबणाच्या रेणूला एक डोके आणि एक शेपूट असते. डोक्याला पाणी आवडते, शेपटीला तेल. म्हणूनच तो तेलाचा डाग पाण्यात ओढून नेतो. आता पेशीचे आवरण कशाचे असते? मेदरेणूंच्या दुहेरी थराचे. म्हणजे साबणाच्या दृष्टीने पेशीचे आवरण हाही एक तेलाचा डागच! वाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींना हा द्रव लागला की त्यांची आवरणे विस्कटतात आणि पेशी सुटून पडतात. खालचे कोलॅजेनचे तंतू उघडे पडतात, त्यांवर रक्तातील बिंबिका चिकटतात, गुठळी होते, दाह होतो.

इथपर्यंत साबणाचे काम. पुढचे काम शरीर करते. जखम झाली की ती बुजवण्यासाठी तंतुपेशी धावून येतात आणि कोलॅजेन विणू लागतात. गुडघा खरचटल्यावर जो वण राहतो तोच इथे वाहिनीच्या आत तयार होतो. काही आठवड्यांत पोकळ नळीची भरीव दोरी होते. याचा अर्थ, औषध गाठ 'विरघळवत' नाही. औषध फक्त मोजूनमापून एक जखम करते. गाठ बंद करतो तो शरीराचा वण.

रक्तातील प्रथिने साबणाला पकडून निष्प्रभ करतात, ही यातली एक अडचण. पण तीच सोयही आहे, कारण द्रव दूर वाहून गेला तर बहुतांशी निरुपद्रवी होतो. रक्त बाजूला सारून औषध भिंतीला लागावे म्हणून पुढे त्याचा फेस करून टोचण्याची युक्ती निघाली. इटलीच्या तेसारी यांनी २००० च्या सुमारास दोन सिरिंजा एका तोटीने जोडून, द्रव आणि हवा इकडून तिकडे ढकलत घट्ट फेस करण्याची सोपी रीत दाखवली.

दोन बोटे

आमच्या कारागिराला दोन इंजेक्शने दिली गेली, मध्ये काही आठवडे सोडून. ओठ दोन दिवस सुजला, गाठ आधी टणक झाली, मग बारीक होत गेली आणि नाहीशी झाली. टाका नाही, भरती होणे नाही. तो पेढे घेऊन आला. पण पेढा खाताना त्याने त्याचे बारीक तुकडे केले. मी कारण विचारले, तेव्हा म्हणाला, "सर, तोंडच पूर्ण उघडत नाही. डॉक्टरांनीही तेच पाहिलं. दोन बोटंच जातात. त्यांना म्हटलं, यालाही तेच इंजेक्शन द्या. तर ते रागावले."

तो पाच-सहा वर्षे गुटखा खात होता.

डॉक्टर का रागावले हे समजण्यासाठी मुंबईचा इतिहास पाहावा लागतो. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियातील पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडात एक विचित्र विकार नोंदवला. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळूच्या आणि घशाच्या कमानीच्या अस्तराखाली तंतू साचण्याच्या विकाराचे वर्णन केले. गाल कडक होतात, पांढरे पडतात, तिखट सोसत नाही आणि तोंड हळूहळू मिटत जाते. यालाच आज 'ओरल सबम्युकस फायब्रोसिस' म्हणतात.

याच्या अभ्यासात एक नाव महत्त्वाचे आहे : डॉ. सत्यवती सिरसाट. आमचे उल्हासनगर कराची आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी कल्याणच्या लष्करी छावणीत वसवले. सिरसाटही जन्माने कराचीच्याच. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याबरोबर त्यांनी कर्करोगावर संशोधन केले. प्रथम संशय मिरचीवर होता. १९६० साली या दोघांनी उंदरांच्या टाळूला मिरचीतील कॅप्सेसिन लावून प्रयोग प्रसिद्ध केला. १९६६ साली डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि सिरसाट यांनी या विकाराचा जो आढावा लिहिला तो पुढे सर्वत्र आधारभूत ठरला. नंतरच्या संशोधनाने खरा गुन्हेगार समोर आणला : सुपारी.

सुपारीतील अरेकोलिन तंतुपेशींना कोलॅजेन विणायला उद्युक्त करते. सुपारीतील टॅनिन त्या कोलॅजेनला पक्के करते, जसे कातडे कमावताना करते, आणि मग ते तोडणाऱ्या विकरांचे काही चालत नाही. १८५४ साली देग्रांज यांनी शिरा बंद करण्यासाठी वापरलेले टॅनिन ते हेच कूळ! म्हणजे सुपारी चघळणारा माणूस आपल्या गालात दिवसभर, न मोजता, तोच परिणाम घडवत असतो जो डॉक्टर गाठीत एकदाच, मोजून घडवतात. गाठीत वण हवा असतो. गालात वण हाच रोग आहे. तिथे ते इंजेक्शन देणे म्हणजे आगीवर तेल ओतणे.

मग तंतू विरघळवणारी इंजेक्शने द्यावीत का? तीही दिली गेली, आजही दिली जातात : स्टेरॉइड, हायल्युरोनिडेज, वारेचा अर्क. काहींना त्यांनी थोडा आराम पडतो. पण १९९१ साली महाराष्ट्रातल्याच बोर्ले आणि बोर्ले यांनी तीनशेंहून अधिक रुग्णांचा अनुभव मांडून धोक्याची सूचना दिली. आधीच तंतुमय झालेल्या गालात पुन्हा पुन्हा सुई खुपसणे हीही जखमच, आणि जखम भरते ती तंतूंनीच. म्हणून अशी इंजेक्शने टाळावीत, असे त्यांचे मत पडले. सर्वांना ते मान्य नाही, पण त्यामागचे तत्त्व आपल्या ओळखीचे आहे.

या रोगाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन गटाने केरळमधील ६६ रुग्णांचा १७ वर्षे पाठपुरावा केला. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात पाच जणांना तोंडाचा कर्करोग झाल्याची नोंद आहे. २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले.

सुईची मर्यादा

म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. शस्त्रक्रियेत गाठ बाहेर येते आणि सूक्ष्मदर्शकाखाली जाते. इंजेक्शनमध्ये गाठ जागीच जिरते. ती काय होती हे मागाहून कोणी सांगू शकत नाही. म्हणून निदान आधी पक्के हवे. वेगाने वाहणाऱ्या धमनीची गाठ असेल तर हा उपाय चालत नाही, उलट धोका होतो. हाडातली गाठ असेल तर प्रश्न आणखी वेगळा. घशाजवळ येणारी सूज श्वास अडवू शकते. औषध वाहिनीबाहेर गेले तर तिथले मांस सडून व्रण होतो. 'न कापता' हे शब्द ऐकायला गोड आहेत. पण ते कोणत्या गाठीसाठी, कोणी आणि काय तपासून म्हटले, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे.

वर्गात काय करता येईल?

काचेची स्वच्छ पट्टी (सूक्ष्मदर्शकाची चालेल) बोटाच्या टोकावर दाबून पाहायला सांगा. बोट पांढरे पडते, सोडताच पुन्हा लाल होते. रक्त बाजूला सरकते आणि परत येते. रक्ताने भरलेली गाठ अशीच फिकी पडते, रंगद्रव्याचा डाग पडत नाही. डॉक्टरांची पहिली चाचणी इतकी साधी असते, अर्थात शेवटची नव्हे.

केळ्याचा गर कुस्करून त्यात थोडे मीठ, पाणी आणि शाम्पू घालून गाळा. गाळलेल्या द्रवावर थंड अल्कोहोल हळूच सोडले की डीएनएचे पांढरे धागे तरंगू लागतात. शाम्पूने पेशींची आवरणे फोडली म्हणूनच ते बाहेर आले. इंजेक्शनचे रसायनशास्त्र तेच आहे.

तिसरा प्रयोग सर्वांत सोपा. प्रत्येकाने स्वतःच्या हाताची मधली तीन बोटे जुळवून, उभी धरून, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहावी. साधारणपणे तीन बोटे जातात. ज्याची जात नाहीत त्याला वर्गासमोर काही विचारू नका. तास संपल्यावर बाजूला घेऊन विचारा, आणि दंतवैद्याकडे पाठवा.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी सुपारी एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत अशा जोड्या टपऱ्यांवर लटकलेल्या दिसतात. आमच्या कारागिराने दोन्ही पुड्या सोडल्या. तोंडाचा व्यायाम तो नेमाने करतो. परवा भेटला तेव्हा त्याने बोटे घालून दाखवली. अजून दोनच जातात, पण तिसरे आता दाताला टेकते.